पाच विषय, दोन कॅना

होळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्याचे प्रमुख गुलाबसिंग नायकांच्या अंगणात राठोडांचं सगळं खानदान पंगतीला बसलं, तेव्हा बबलूच्या पाठीवर दोन वळ होते आणि पोटात एक गुपित होतं. वळांचं त्याला काही वाटत नव्हतं. थोरल्या भावाच्या नातवाची धुंड होती, म्हणजे बाळाच्या पहिल्या होळीचा सोहळा. वर्षात पोरगा जन्मला की होळीला लमाणांच्या तांड्यात त्याची धुंड व्हायचीच. मग खुंट रोवून त्याला गोडधोडाची भांडी बांधायची, बायांनी ओल्या काठ्या घेऊन राखण करायची आणि गड्यांनी मार खात ती भांडी पळवायची, हा रिवाज. बबलू दरवर्षी भांडं पळवायचा आणि दरवर्षी मार खायचा. छत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा आणि दहावीत तीनदा आपटलेला दीर म्हटला की वहिन्यांच्या काठीलाही जरा जास्तच हुरूप येतो. गुपिताचं मात्र त्याला जड जात होतं. बबलूच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगत असे.

गुपित पुतणीचं होतं. प्रेरणा ही मधल्या भावाची, देवीलालची पोरगी. नेरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. नव्या पद्धतीत पहिल्या वर्षी पाच विषय चाखून बघायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मुख्य म्हणून धरायचा. तिचे पाच होते इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, संगीत आणि भूगोल. त्यातला भूगोल तिनं मागितलाही नव्हता. दुसऱ्या वर्गात जागा उरली नाही म्हणून ऑफिसातल्या बाईनं तो परस्पर टाकून दिला होता. मुख्य विषयाचा फॉर्म पालकाच्या सहीनं सोमवारी द्यायचा होता, आणि सोमवार तीन दिवसांवर आला होता.

खरी भानगड पुढेच होती. दिवाळीत थोरले पूनमसिंग मास्तर दिग्रसहून आले आणि म्हणाले, पोरी, राज्यशास्त्र धर, तहसीलदार होशील. ती म्हणाली, हो मोठे बाबा, तेच धरणार. संक्रांतीला वणीची सोनीबाई आत्या आली. खाणीतल्या साहेबांच्या बायकासुद्धा हल्ली मनाच्या डॉक्टरकडे जातात, तू मानसशास्त्रच घे, असं तिनं सांगितलं. हो आत्या, तेच. आजोबांना, म्हणजे गुलाबसिंगांना, नातीनं तांड्याचा इतिहास लिहायला हवा होता. हो दादा. आजी बिजलीबाईला वाटे, आपण होळीला लेंगी गातो त्या पोरीनं सुरात बसवाव्यात. हो याडी. विचारणारा प्रत्येक जण तिच्यावर जीव टाकणारा, आणि नाही म्हणायला तिची जीभ वळत नसे.

हे सगळं बबलूला ठाऊक असण्याचं कारण त्याची मोटारसायकल. रोज सकाळी साडेसहाला दुधाच्या दोन कॅना दोन बाजूंना लटकवून तो नेरला निघे, आणि प्रेरणा त्या कॅनांच्या मध्ये मागे बसे. दूध डेअरीत, पोरगी कॉलेजात. मग म्हशींची ढेप घ्यायची, पानठेल्यावर चार शिळ्या बातम्या ऐकायच्या आणि बाराला पोरीला घेऊन परत. त्या परतीच्या चौदा किलोमीटरमध्ये ती त्या दिवशीचे सगळे तास त्याला सांगे. सुरुवातीला आपली उजळणी व्हावी म्हणून. पुढे पुढे गाडीला किक मारायच्या आधी बबलूच विचारू लागला, "आज कोन्ता तास झाला?" शाळेत मास्तरांनी त्याला कायम खिडकीशी बसवलं होतं, कारण तिथून तो कुणाला त्रास देत नसे. पस्तिशी उलटल्यावर त्याला पहिल्यांदा समजलं की आपल्याला शिकायला आवडतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते त्याला वाटलंही नव्हतं.

परवा परतताना प्रेरणा म्हणाली होती, "काका, मी इतिहास लिहून टाकते. दादाले बरं वाटन."

"अन् बाकीच्याइले?"

"बाकीचे दादासमोर बोलनार नाई."

"अन् तुले?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. तिला हवा होता तो पाचवा, कुणीच न मागितलेला भूगोल. पण नेरच्या कॉलेजात भूगोल पहिल्याच वर्षापुरता. पुढचा शिकायचा तर अमरावतीला होस्टेलवर जाणं आलं. इतिहास धरला तर पोरगी नेरलाच राहणार, बाराचा तास चालू राहणार. बबलू "बरं" म्हणाला होता आणि त्याला आनंद झाला होता. तो आनंद दोन दिवस त्याला चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता.

पंगतीत गुळाची गळवाणी फिरत होती. बाळाच्या आईकडचे व्याही मानाच्या पाटावर बसले होते. माणूस सज्जन, गप्प बसून जेवणं त्यांना बरं दिसेना. वाढायला आलेल्या प्रेरणाकडे बघून त्यांनी विचारलं, "पोरगी कायचं शिकून राह्यली, नायक?"

"इतिहास," गुलाबसिंग म्हणाले.

"राज्यशास्त्र," पूनमसिंग मास्तर म्हणाले.

"मानसशास्त्र घेतलं ना तिनं," पलीकडून सोनीबाई म्हणाली.

"गानं," चुलीपाशी बसलेल्या बिजलीबाईनं सांगितलं.

चौघांचे आवाज एकाच वेळी निघाले आणि एकाच वेळी थांबले. व्याह्यांनी घास खाली ठेवला. "लय शिकून राह्यली मंग," असं म्हणून ते गळवाणीकडे वळले. प्रेरणाच्या हातातलं पातेलं कलतं झालं होतं, ते बबलूनं सरळ धरलं. पोरीचं पितळ उघडं पडलं होतं आणि तिच्या बापाचं, देवीलालचं, तोंड सगळ्यांत जास्त उतरलं होतं. कारण सही त्याला करायची होती आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

गुलाबसिंगांनी जेवणं होऊ दिली. अन्नावर भांडायचं नाही हा त्यांचा नियम होता. हात धुतले, व्याह्यांना आराम करायला आत पाठवलं, लिंबाखाली सतरंजी अंथरायला लावली आणि म्हणाले, "बसा सारे. नसाब बसली."

नसाब म्हणजे तांड्याची न्यायसभा. एरवी ती शेताच्या धुऱ्याच्या, सोयरिकीच्या नाहीतर कुणाच्या तरी बैलानं कुणाचं तरी पीक खाल्ल्याच्या भांडणावर बसे. विषयावर बसलेली ही पहिलीच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही नायक सतरंजीवर ताठ बसले की समोरच्यानं मांडी नीट घालून घ्यावी, असा त्यांचा वचक होता. प्रेरणा समोर, मान खाली. बबलू ताकाची बादली घेऊन मागे उभा राहिला. हातात काम असलं की कुणी साक्षीला बोलावत नाही, असा त्याचा अंदाज.

"चौघाइले चार सांगितलं?" नायकांनी विचारलं.

"हो दादा."

"काहून?"

"कोनालेच नाई म्हनता आलं नाई."

गुलाबसिंग बोलणार इतक्यात पूनमसिंग मास्तरांनी गळा साफ केला. पोरं वळवायची त्यांची जुनी सवय होती. "बापू, रागावू नका, पन इतिहासाले आज नोकरी नाई. राज्यशास्त्र घेतलं तं स्पर्धा परीक्षा हाय."

"भाऊचं बरोबर हाय," सोनीबाई म्हणाली. हे ऐकून सगळेच चकित झाले. कारण बाळाचं नाव कुणी ठेवायचं यावरून त्या दोघांचं काल रात्रीपासून बोलणं बंद होतं. "इतिहास घेऊन काय करन पोरगी? मेलेल्या मानसाइचं तोंड पाहत बसन?"

"अन् जित्याइचं मन पाहून काय करन?" पूनमसिंग लगेच तिच्यावर उलटले. युती एवढीच टिकली. "एक ना धड भाराभर चिंध्या. म्या पहिल्या दिवशी म्हनलं होतं, एकच विषय धर अन् सोडू नको."

"चिंध्याले काहून नावं ठेवतं रे?" बिजलीबाई चुलीपासून म्हणाली. तिच्या अंगावर आरशांचा, ठिगळाठिगळांचा फेटिया, म्हणजे घागरा, होता, लग्नात आईनं शिवून दिलेला. "चिंध्याच जोडून हा झाला. पन्नास वर्सं झाली, उसवला नाई. तुया प्यांटीचं काय, दर दिवाळीले नवी."

सुना तोंडावर पदर धरून हसल्या. मास्तरांनी प्यांटीची घडी नीट केली. देवीलाल तेवढ्यात हळूच म्हणाला, "बापू म्हनतीन तिथं मी सही करतो," आणि आपण फार मोठं काम उरकल्यासारखा मागे टेकला.

गुलाबसिंगांनी हात वर केला. "नसाबीत ज्याचा दावा, त्यानंच पुरावा द्याचा. ज्याचा जो विषय, त्यानं सांगा, पोरगी या साली त्यात काय शिकली. पूनम, तू सांग."

"राज्यघटना," मास्तर म्हणाले.

"त्यातलं काय?"

"सगळीच की बापू. पहिल्या पानापासून."

"सोनी?"

"मनाचं शास्त्र. मन कसं असते, काय असते... म्हंजे लहानपनापासून." आत्या अडखळली. "पोरगी फोनवर सांगत होती, पन मी त्या टायमाले भाजी फोडनीले टाकली होती."

"बिजली?"

"मले कोनी सांगितलंच नाई. मी गाते, ती आयकते."

"अन् मी," गुलाबसिंग थोडं थांबले. खोटं बोलणारा नायक त्यांनी आयुष्यात माफ केला नव्हता. "मीबी विचारलं नाई. मीच तिले सांगत बसलो, आपले बापजादे कसे बैलावर मीठ लादून फिरले ते. ती शिकली काय, ते मले नाई ठाऊक."

पोरगी वर्षभर रोज अठ्ठावीस किलोमीटर जात-येत होती, चौघांनी चार भविष्यं काढून ठेवली होती, आणि ती वाचते काय, हे एकालाही सांगता येत नव्हतं. सोनीबाई मनातून खजील झाली होती, म्हणून आवाज चढवून म्हणाली, "मानसशास्त्रात कुत्र्याले घंटी वाजवून खाऊ घालतात म्हने. हे शिकाले कॉलेजात जा लागते का?"

"खाऊ घालत नाई बाई," मागून आवाज आला. "आंधी घंटी, मंग खाऊ, असं लय दिवस करतात. मंग खाऊ नाई देला, नुसती घंटी वाजवली, तरी कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते. आपली चांदी म्हैस नाई का? कॅनीचा आवाज आयकला का पान्हा सोडते. तेच हाय ते."

सगळ्या माना वळल्या. बबलूच्या हातात ताकाचा पेला होता आणि तो कुणाला द्यायचा होता हे तो विसरला होता.

"तुले कसं ठाऊक बे?" पूनमसिंगांनी विचारलं.

"दिवाळीआंधी झाला ना हा धडा."

"राज्यशास्त्रात काय झालं?" हे गुलाबसिंगांनी विचारलं, आणि अगदी सावकाश विचारलं.

बबलूनं प्रेरणाकडे पाहिलं. ती आता मान वर करून बघत होती. "कायदा करनारा एक, चालवनारा दुसरा अन् न्याय देनारा तिसरा पायजे," तो म्हणाला. "तिन्ही एकाच्याच हातात असले का मंग..." समोर कोण बसलं आहे हे ध्यानात येऊन तो थांबला.

"मंग काय?" नायक म्हणाले.

"मंग तो मानूस लय चांगला असावा लागते, बापू."

आता पूनमसिंगही हसले. गुलाबसिंगांनी मिशीवरून हात फिरवला, म्हणजे त्यांनाही हसू आलं होतं. मग त्यांनी संगीताचं विचारलं, इतिहासाचं विचारलं. लेंगीत एक जण उचलतो आणि बाकीचे झेलतात, तसं गाणं जगात कुठं कुठं गातात, हे बबलूनं आईकडे बघून सांगितलं. जुन्या काळी फौजा लढायला निघाल्या की त्यांचा दाणा लमाणांच्या बैलांवर जायचा, आणि म्हणून दोन्हीकडचे राजे तांड्याला हात लावत नसत, हे बापाकडे बघून. दहावी तीनदा नापास माणूस ताकाची बादली पायाशी ठेवून बोलत होता आणि शिकलेला थोरला भाऊ कान देऊन ऐकत होता. असं त्या अंगणात आधी कधी झालं नव्हतं.

"अन् पाचवा?" गुलाबसिंग म्हणाले. "पाच विषय हाय म्हने ना?"

बबलूनं पुन्हा प्रेरणाकडे पाहिलं.

प्रेरणानं अगदी किंचित मान हलवली, नाही म्हणून. झाकली मूठ झाकलीच राहिली असती. इतिहासावर आता सगळ्यांचं जमतच आलं होतं. बापूंचा मान राहिला असता, पोरगी नेरला राहिली असती, आणि उद्या-परवा बाराला तो पुन्हा कॉलेजच्या फाटकाशी गाडी लावून उभा राहिला असता. त्यानं बादलीकडे पाहिलं. आपण गप्प बसलो तर ते पोरीसाठी नसेल, स्वतःसाठी असेल, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि ज्या पोरीनं त्याला वर्षभर शिकवलं, तिच्याच ताटातलं ओढून घ्यायचं त्याच्यानं झालं नाही.

"बापू," तो म्हणाला, "मागच्या महिन्यात दूध नासलं होतं."

"दोन्ही कॅना," बिजलीबाईला लगेच आठवलं. "गाडी पंचर झालती ना तुयी."

"नव्हती झाली."

"ठाऊक हाय मले. पंचरचा डब्बा घरीच होता."

"मंग काय झालतं?" गुलाबसिंगांनी विचारलं.

"भूगोल झालता," बबलू म्हणाला.

त्यानं मग सगळं सांगितलं. नेरच्या अलीकडे नव्या रस्त्यासाठी टेकडी कापली आहे. सकाळी सात वाजता तिथून जाताना प्रेरणानं पाठीवर थाप मारून गाडी थांबवली. कापलेल्या काळ्या दगडात मध्येच हातभर तांबडा पट्टा होता. पोरगी उतरली ती उतरलीच. दगडाला हात लावून पाहिला, मातीची चिमूट फडक्यात बांधली, वहीत चित्र काढलं, वर चढली, खाली उतरली. रात्रीचं आणि सकाळचं दूध एकत्र, ऊन चढत चाललेलं. त्यानं दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा मारली नाही.

"काहून नाई मारली?" सोनीबाईनं विचारलं.

"तिचं तोंड पाहत होतो बाई. चार विषय ती मले गाडीवर सांगते. भूगोलाले गाडी थांबवा लागते."

बबलू पुढे म्हणाला, "तो पट्टा म्हंजे, बापू, जमिनीतून दगडाचा रस उकळत आला अन् थंडा झाला. मंग हजारो वर्सं काईच नाई. पाऊस पडला, दगडाची माती झाली, झाडं आली असतीन. मंग पुन्हा रस आला अन् त्यानं ती माती भाजून टाकली, विटेसारखी. म्हनून तांबडी. आपल्या विहिरीतबी सत्तावीस फुटावर हाय तोच पट्टा."

"तिथं मी नारळ फोडला होता," गुलाबसिंग हळूच म्हणाले. विहीर खणताना तांबडं लागलं तेव्हा देवीचं कुंकू सांडलं म्हणून त्यांनी काम थांबवलं होतं आणि सगळ्या तांड्याला गूळ वाटला होता. "एवढ्या वर्सांनी कोनी सांगून राह्यलं."

"पन भूगोल पुढं नेरले नाई," बबलूनं उरलेलंही सांगून टाकलं. "अमरावतीले राहा लागन. म्हनून ती बोलत नव्हती. अन् म्हनून मीबी बोलत नव्हतो."

पहिलं कारण सगळ्यांना समजलं. दुसरं फक्त प्रेरणाला समजलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

इतिहासाची गुलाबसिंगांना खरोखर आस होती आणि ती सुटताना त्यांना दुखलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी नातीला जवळ बोलावलं. "आपले बैल कोन्या घाटानं उतरले, पानी कुठं भेटलं म्हनून तांडा कुठं थांबला, हे तुया भूगोलात येते का व?"

"येते दादा. तिथूनच सुरू होते."

"मंग अर्धं तं मायं राह्यलं." त्यांनी देवीलालकडे पाहिलं. "सही कर."

सोनीबाईनं पुतणीला पोटाशी धरलं आणि अमरावतीच्या होस्टेलात कोणकोणते डबे लागतील ते मोजू लागली. पूनमसिंग म्हणाले, भूगोलही स्पर्धा परीक्षेला चालतो, उलट फारच चालतो. माघार घेतानाही मास्तर मास्तरच राहिले.

"उठू नका," नायक म्हणाले. "दंड झाल्याबिगर नसाब उठत नाई. पोरीचा दंड असा, का दर रविवारी चौघाइले फोन करून आठवड्यात काय शिकली ते सांगाचं. अन् आयकनाऱ्यानं भाजी फोडनीले टाकाची नाई."

"अन् मले?" बबलूनं विचारलं. पंचरचं खोटं त्याच्या नावावर होतं.

"तुले मोठा हाय. तू वर्सभर बी.ए.चे तास केले, अन् दहावी बाकी हाय. हे काई बरोबर दिसत नाई." गुलाबसिंग पूनमसिंगांकडे वळले. "घरी बसून दहावी द्याचा कोन्ता तो फॉर्म असते?"

"सतरा नंबर. पावसाळ्यात निघते, बापू."

"तू भरून देजो. अन् शिकवजो."

मास्तरांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. शाळेत ढ, ढ म्हणून त्यांनीच त्याला खिडकीशी बसवलं होतं. "गनित मी घेतो," ते म्हणाले. "भूगोल हा मले शिकवन." बबलूनं नसाबीचा दंड मान्य म्हणून नमस्कार केला आणि ताकाची बादली उचलून मागच्या दाराशी गेला. तिथं डोळे पुसून आला. पाठीवरचे वळ आत्ता कुठे झोंबायला लागले, असं त्यानं विचारणाऱ्यांना सांगितलं.

सोमवारी फॉर्म देऊन दोघं परत निघाले. बबलूनं विचारलं, "आज कोन्ता तास झाला?"

"आज तुमचा हाय," ती म्हणाली.

टेकडीच्या कापाशी त्यानं गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि तांबड्या पट्ट्यावर हात ठेवून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ती समोरच्या दगडावर वही उघडून बसली आणि चुकला तिथं त्याला थांबवत राहिली. दूध सकाळीच पोचलं होतं. कॅना रिकाम्या होत्या, आणि दोघांनाही घाई नव्हती.